वर जाऊन आलेलं गाढव

आमच्या खेळण्यांच्या कारखान्यात दोन प्रकारची माणसं होती. खेळणी करणारी आणि मामा.

करणारी पुष्कळ होती. मोडणारे मामा एकटेच. लांबलचक पडवीच्या टोकाला त्यांची खोली होती, दारावर ‘टेस्टिंग’ अशी पाटी. कारागीर त्या खोलीला कारागृह म्हणत आणि मामांना, त्यांच्या पाठीमागे, कंसमामा. तोंडावर नुसतंच मामा. मामांना दोन्ही माहीत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की कंसाचं काम निदान मन लावून केलेलं होतं, फक्त एक नग नजरेतून सुटला.

प्रत्येक लॉटमधून मामा हाताला येतील ती खेळणी उचलत. चिमट्यात डोळा धरून त्याला वजन लटकवत. कान पिळत. शिवण ताणत. उंचावरून फरशीवर आपटत. ह्या सगळ्यातून जे तगेल त्याची शेवटची परीक्षा आगीची. सीतेची ही परीक्षा झाली तेव्हा ती बाहेर तरी आली. आमच्या अस्वलांना ती सोय नव्हती. खेळणं सावकाश जळलं तर पास, भराभर जळलं तर नापास. जळायचं दोन्हीकडे सारखंच.

खोलीच्या भिंतीवर थोरल्या मालकांच्या काळापासून दोन नियम रंगवलेले होते. टेस्टिंग झाल्याशिवाय कुठलाही लॉट फाटकाबाहेर जाणार नाही, हा पहिला. टेस्टिंग झालेला कुठलाही नग फाटकाबाहेर जाणार नाही, हा दुसरा. म्हणजे काहींनी मरायचं आणि त्यांच्या पुण्याईवर उरलेल्यांनी दुकानात जायचं. दोन्ही नियम शहाणे होते. ते एकाच खेळण्यावर एकाच वेळी कधी चालून आले नव्हते, म्हणून शहाणे राहिले होते.

मामा अंगाने काटकुळे, सदरा कडक इस्त्रीचा, बोटं चिमट्यासारखी. हात मिळवताना समोरच्याचा अंगठा ते किंचित ओढून बघत. कुणाच्या घरी मुलाच्या वाढदिवसाला गेले तर आलेल्या भेटी तपासायला बसत आणि निघताना यजमानीणबाईंच्या तळहातावर सशाचा डोळा ठेवत. “पोराच्या पोटात जाण्यापेक्षा तुमच्या हातात बरा,” म्हणत. त्यांचं बरोबरच असे. आणि बरोबर असलेल्या माणसाला लोक चहा विचारतात, पुन्हा बोलावत नाहीत. एक मात्र खरं: आमच्या कारखान्याचं बटण गिळून कुठलं पोर दवाखान्यात गेल्याचं मामांच्या कारकिर्दीत कुणी ऐकलं नाही.

मामांनी लग्न केलं नव्हतं. ते धाकट्या बहिणीकडे राहत. मेहुणे बोटीवर असत, म्हणजे घरी नसतच. घरात बहीण, मामा आणि सात वर्षांची भाची. खेळण्यांच्या कारखान्यातल्या माणसाच्या घरात खेळण्यांचा सुकाळ असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात भाचीबाईंचं एकही खेळणं पहिल्या संध्याकाळच्या पुढे जगलं नव्हतं. अखेर बहिणीने नवऱ्याच्या जुन्या करड्या कोटाचं एक गाढव शिवलं, कोटाचीच बटणं त्याला डोळे म्हणून लावली आणि भावाला बजावलं, “दादा, ह्याला हात लावलास तर तुझं पान बाहेर वाढीन.”

मामांनी हात लावला नाही. पण गाढव रोज जेवायला भाचीच्या मांडीवर, मामांच्या बरोबर समोर बसे, आणि त्याचा डावा डोळा एका सैल दोऱ्यावर लोंबत असे. मामा डावा हात मांडीखाली दाबून जेवत. बहीण म्हणे, “शहाण्यासारखं जेव.” मामा म्हणत, “जेवतोय की.” नजर मात्र त्या डोळ्यावर.

थोरले मालक खेळणी विकत. त्यांच्यामागे धाकटे मालक आले, ते नाव विकत. कुठल्याशा लांबच्या कंपनीने आपलं खेळणं फुग्याला बांधून आभाळाच्या पार पाठवलं आणि त्याचं चित्रीकरण जगभर गेलं, हे त्यांनी फोनवर पाहिलं आणि त्यांच्या पोटात दुखू लागलं. आमच्या कंपनीचं चिन्ह सिंह. सिंह अंतराळात गेलाच पाहिजे, असं मीटिंगमध्ये ठरलं. मीटिंगमध्ये ठरलं म्हणजे मालक बोलले आणि बाकीच्यांनी बिस्किटं खाल्ली.

हवामानखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बोलावले गेले. उभा जन्म त्यांनी फुगे सोडण्यात घालवला होता. त्यांना सगळे फुगेवाले म्हणू लागले आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

“अंतराळ म्हणता येणार नाही,” फुगेवाले म्हणाले. “फुगा विमानाच्या तिप्पट उंच जातो. तिथे दिवसाढवळ्या आभाळ काळं दिसतं, पृथ्वी वाकलेली दिसते. हवा विरळ होते तसा फुगा फुगत जातो आणि शेवटी फुटतो. मग पॅराशूट उघडतं, कॅमेरा आणि खेळणं खाली येतं. अंतराळ ह्याच्याही तिप्पट वर.”

“म्हणजे जवळपास अंतराळच,” धाकटे मालक म्हणाले.

“लग्नाला निघालेला माणूस बसस्टॉपवर पोचला, तर त्याचं जवळपास लग्न झालं म्हणायचं का?”

शेवटी ‘अंतराळाचा उंबरठा’ असं छापायचं ठरलं. उंबरठ्याला कुणाची हरकत नव्हती.

मग सिंह तयार झाला. एकच. चंदेरी पोशाख, हाताने विणलेली आयाळ, डोक्यावर पारदर्शक हेल्मेट. असा देखणा नग कारखान्यात कधी झाला नव्हता. पण लॉट नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर गेटपास देत नाही, म्हणून सिंहाला स्वतःचा लॉट नंबर मिळाला. आणि लॉट म्हटला की टेस्टिंग आलंच. सिंह पडवीतून कारागृहात पोचला.

मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते उत्पादनसाहेबांकडे गेले. उत्पादनसाहेबांची रीत अशी, की हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही आणि पाठीवर थाप मारायची.

“साहेब, लॉट एकाच नगाचा आहे,” मामा म्हणाले.

“मग?”

“टेस्टिंग करू?”

“मामा, एवढी वर्षं झाली, तुम्ही मला नियम विचारता? नियमात बसतं ते करा.” आणि थाप मारली.

मामांनी नियमात बसतं ते केलं. सिंहाचा डोळा हलला नाही, शिवण उसवली नाही, आयाळीचा केस निघाला नाही. आगीत तर तो इतका सावकाश गेला की मामांनी खुर्ची ओढून घेतली. मग राख आणि वितळलेलं हेल्मेट एका पिशवीत भरून त्यांनी वर ‘पास’चा हिरवा शिक्का मारला आणि पिशवी पुढे पाठवली. राख काही नग नव्हे, म्हणून दुसरा नियमही शाबूत राहिला. पॅकिंगवाल्यांनी ती चंदेरी खोक्यात घालून रिबीन बांधली. आत काय आहे हे पॅकिंगवाले बघत नाहीत. आत बघणं हे टेस्टिंगचं काम.

खोकं उघडलं ते सुट्टीच्या दिवशी सकाळी, एका शाळेच्या मैदानावर, वार्ताहरांच्या आणि कामगारांच्या बायकापोरांच्या साक्षीने. फुगा भरून तयार होता. चार जणांनी त्याला धरून ठेवलं होतं आणि तो सुटायची घाई झालेल्या म्हशीसारखा ओढ घेत होता. धाकट्या मालकांनी रिबीन सोडली, आत हात घातला आणि पिशवी वर काढली.

“हे काय आहे?”

“सिंह,” मामा म्हणाले.

“सिंह कुठाय?”

“हाच तो. पास झाला. मालक, आगीत असा टिकलेला नग मी आजवर पाहिला नाही. कारागिरांना खरंच काहीतरी बक्षीस द्या.”

मालकांनी उत्पादनसाहेबांकडे पाहिलं. उत्पादनसाहेब फुग्याकडे पाहत होते. “मी फक्त नियम म्हणालो होतो,” ते फुग्याला म्हणाले.

“मामा, उद्या मला ऑफिसात भेटा,” मालक म्हणाले. हे वाक्य आमच्याकडे शेवटचं म्हणून प्रसिद्ध होतं.

गोदामात साध्या सिंहांचा ढीग होता, पण गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यात कुलूप. फुगेवाल्यांनी ओलं बोट हवेत धरलं. “वारा फिरतोय. काही टांगायचं असेल तर टांगा, नाहीतर मी रिकामा सोडतो.”

तेव्हा मालकांची नजर पहिल्या रांगेतल्या भाचीच्या काखेत गेली.

“बाळ, तुझं गाढव देतेस? त्याला अंतराळात फिरवून आणतो.”

“परत कधी येईल?”

“दुपारी.”

“कशावरून?”

“मामांची भाची शोभते,” मागून कुणीतरी म्हणालं.

भाचीने गाढव घट्ट धरलं. “मामा सांगेल तर देते. मामा खोटं पास करत नाही.”

सगळं मैदान मामांकडे बघू लागलं. ज्यांना उद्या भेटायचं होतं ते मालक आजच जवळ आले आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मामा, सांगून टाका ना. येईल म्हणायला काय जातं?”

“तपासल्याशिवाय मी कधी सांगितलेलं नाही.”

“मग तपासा. पटकन.”

“दादा,” बहीण मागून म्हणाली. एवढंच म्हणाली.

तपासावं तर बहीण आडवी, न तपासता सांगावं तर उभा जन्म आडवा. मामा भाचीपुढे उकिडवे बसले, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि गाढवाकडे पाहू लागले. “डावा डोळा सैल आहे,” ते अखेर म्हणाले.

“माहितेय. तू रोज जेवताना बघतोस.”

“वर भयंकर थंडी असते. पडेल.”

“मग शिव.”

बहिणीने पर्समधून सुईदोरा काढला. अशा भावाबरोबर राहायचं तर सुईदोरा जवळ लागतोच. मामांनी जन्मात उसवण्यापलीकडे शिवणीशी संबंध ठेवला नव्हता. सुईत दोरा फुगेवाल्यांनी ओवून दिला. मामांनी टाके घातले की गाठींचा डोंगर रचला हे सांगणं कठीण; शिवून झालं तेव्हा गाढवाला डोळा आला होता आणि डोळ्याखाली आवाळू. मग मामांची दोन बोटं आपोआप त्या बटणावर मिटली. बहीण एक पाऊल पुढे आली. भाची नुसती बघत राहिली.

मामांनी बोटं उघडली.

“येईल,” ते म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. मी आणतो.”

मालकांनी भाषण लिहून आणलं होतं. नवं करायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तेच वाचलं आणि जिथे सिंह होता तिथे गाढव घातलं. “हे गाढव आमच्या कंपनीचा चेहरा आहे. आज आम्ही जे काही आहोत ते ह्या गाढवामुळे.” टाळ्यांचा कडकडाट झाला. कामगारांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. मालकांचं एवढं पटलेलं भाषण पूर्वी झालं नव्हतं.

फुगा सुटला. गाढव पाय खाली सोडून, गळ्यात कंपनीची पट्टी घालून सरळ वर गेलं. एवढ्या थोड्या अवधीत आणि एवढ्या उंचीवर आमच्याकडे फक्त मालकांचे नातेवाईक गेले होते.

दुपारी फुगेवाल्यांच्या गाडीतून मामा, बहीण आणि भाची शोधायला निघाले. गाढवाचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र दाखवील तिकडे गाडी वळत होती आणि शेवटी एका कोंबड्यांच्या शेडपाशी थांबली. गाढव पत्र्यावर उताणं पडलं होतं, पॅराशूट पांघरल्यासारखं. शिडी लावून मामा स्वतः चढले. उजवा डोळा, ज्याच्याबद्दल कुणालाच कधी शंका नव्हती, तो नव्हता. डावा डोंगरासकट जागच्या जागी.

“थंडीत बटण तडकलं असेल,” फुगेवाले म्हणाले.

“बहिणीची शिवण चांगली होती,” मामा म्हणाले. “बटण कोटाचं, त्याला काय दोष द्यायचा.”

भाची हात वर करून शिडीखाली उभी होती. गाढव त्या हातांत पोचायला दोन पायऱ्या उरल्या असताना मालकांची मोटार आली. मालकांनी ते वरच्यावर झेललं, छातीशी धरलं, फोटो काढून घेतला आणि “दोनच दिवस हं, बाळ” म्हणून घेऊन गेले.

चित्रीकरण खरोखर सुंदर होतं. काळंभोर आभाळ, खाली निळी कमान आणि मधे एक करडं गाढव, चेहऱ्यावर नेहमीचाच भाव. ते सगळीकडे पाहिलं गेलं. दुकानदार सिंह परत पाठवून गाढवं मागू लागले. मामांची उद्याची भेट आपोआप रद्द झाली. आणि खरं गाढव ऑफिसच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात बसलं, खाली पितळी पाटी. दोन दिवसांचे आठवडे झाले.

भाचीने रडारड केली नाही. तिने बोलणं सोडलं. मामा संध्याकाळी घरात शिरले की ती आधी त्यांच्या हातांकडे बघे आणि मग पुस्तकात तोंड घाली. जेवताना मामांच्या समोर आता गाढव नव्हतं, हात मांडीखाली दाबायचं कारण नव्हतं, तरी त्यांना घास जात नसे.

ते मालकांकडे गेले. “मामा, ते आता ऐतिहासिक आहे,” मालक म्हणाले. “भाचीला म्हणावं, हवे तेवढे सिंह घेऊन जा.” सिंह त्या दिवसांत फुकट होते.

ते उत्पादनसाहेबांकडे गेले. साहेबांनी त्यांना त्यांच्याच खोलीत नेलं आणि भिंतीवर बोट ठेवलं. “टेस्टिंग झालेला नग फाटकाबाहेर जाणार नाही. आणि ह्या गाढवाइतकं टेस्टिंग कुणाचं झालंय? उंची झाली, थंडी झाली, आपटणं झालं. तुमचाच नियम, मामा. मी काय बोलू?”

मामा भिंतीकडे पाहत उभे राहिले. “आगीचं राहिलंय,” ते म्हणाले.

“काय?”

“आगीचं टेस्टिंग. बाकी सगळं झालं, तेवढं राहिलंय. अर्धवट तपासलेला नग आपण पाहुण्यांपुढे मांडलाय, साहेब. उद्या कुणी विचारलं तर सही कुणाची?”

सही हा शब्द साहेबांना सोसत नसे. “मी काही म्हणालो नाही,” ते घाईने म्हणाले. “नियमात बसतं ते करा.” आणि थाप मारली.

दुसऱ्या दिवशी मालक दौऱ्यावर होते. मामांनी कपाट उघडून घेतलं, गाढव काखेत धरलं आणि पडवीतून चालत गेले. कारागीर हातातलं काम टाकून बघत राहिले. कुणीतरी म्हणालंही, “सख्ख्या भाचीचं. आता मात्र नाव सार्थ केलं.” दार बंद झालं. थोड्या वेळाने धुराड्यातून धूर आला. मग राखेची पिशवी बाहेर आली, वर हिरवा शिक्का.

मालक परतल्यावर पिशवीपुढे उभे राहिले. ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. पण नाव विकणारा माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाटी बदलून घेतली. ‘अंतराळाच्या उंबरठ्यावर जाऊन आलेल्या गाढवाचे अवशेष.’ पाहुणे आता तिथे आवाज खाली आणतात, काही जण पादत्राणं काढतात. गाढव होतं तेव्हा लोक हसून पुढे जात. धड गाढवाला कुणी विचारत नाही. अवशेषांची गोष्ट वेगळी.

मामा आता निवृत्त झाले आहेत, म्हणून सांगायला हरकत नाही. कपाटातली राख सिंहाची आहे. परत आलेल्या ढिगातला एक साधा सिंह, फार काही न टिकलेला. मामांनी आयुष्यात खोटा मारलेला तो एकच शिक्का. राख सिंहाची कुठली आणि गाढवाची कुठली, हे ओळखणारं टेस्टिंग अजून निघालेलं नाही, आणि निघालं असतं तरी ते मामांकडेच आलं असतं.

त्या संध्याकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने मामांची पिशवी नेहमीप्रमाणे उलटीपालटी केली. जन्मभर काटकुळ्या असलेल्या मामांचं पोट पाहून तो म्हणाला, “मामा, सुटलात की.”

“वय झालं,” मामा म्हणाले.

घरी भाचीने हातांकडे पाहिलं. रिकामे. ती पुस्तकाकडे वळणार तोच मामा सदऱ्याची बटणं काढू लागले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

भाचीने गाढव हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. उजवीकडच्या रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. मग दोन बोटांचा चिमटा करून तिने मामांनी शिवलेला डोळा धरला आणि दात-ओठ खाऊन ओढला. एकदा. पुन्हा पीळ देऊन. मामा डोळे मिटून उभे होते.

“पास,” भाची म्हणाली. “आता उजवा शिव.”

बहिणीने सुईदोरा पुढे केला. “घ्या,” ती म्हणाली. “एक कंस घरात कमी होता.”